मानसशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हप्ता: या चुका टाळा

मानसशास्त्रात बी.ए. करायचं म्हटलं की घरात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. ‘त्यात पैसा आहे का?’ आणि ‘हल्ली डिप्रेशन किती वाढलंय, स्कोपच स्कोप!’ खरं उत्तर एका कागदावर मिळतं: एकीकडे महिन्याचा हप्ता, दुसरीकडे हातात पडणारा पगार. गोंधळ होतो तो हा कागद भरताना.

पगार एकाचा, खर्च दुसऱ्याचा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या अमुक मॅडम एका सेशनचे किती घेतात, हा आकडा डोक्यात ठेवून बी.ए.च्या फीशी तुलना केली जाते. पण त्या मॅडम नुसत्या बी.ए. नसतात. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कोणाला म्हणायचं हे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये लिहिलेलं आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं शिक्षण लागतं. आजवरचा ठरलेला रस्ता बी.ए., एम.ए. आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. असा होता. आता एम.फिल. मागे पडतंय आणि आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणलेत. तेव्हा प्रवेश घेण्याआधी ती संस्था आणि तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी मान्य आहे का, हे आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. माहितीपत्रकातल्या ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर जाऊ नका; मान्यता कोणाची, ते विचारा.

नुसत्या बी.ए.वर काय मिळतं? अंबड-सातपूरच्या कंपन्यांत एचआरमधलं सुरुवातीचं काम, एखाद्या संस्थेत फील्डवर्क, करिअर मार्गदर्शनाच्या क्लासमध्ये मदतनीस. वाईट काहीच नाही, पण तो पगार इतर कुठल्याही बी.ए.वाल्याला मिळतो तेवढाच. प्राध्यापकीचं स्वप्न असेल तर एम.ए.नंतर नेट-सेट या पात्रता परीक्षा, आणि पुढे बऱ्याच जणांच्या वाट्याला सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावरची, काही वर्षं. ती वर्षंही कागदावर मांडा.

सहा लाखांचं कर्ज सहा लाखांचं राहत नाही

समजा खासगी विद्यापीठात तीन वर्षांचा खर्च सहा लाख. दरवर्षी दोन लाख उचलले, व्याज 10 टक्के. हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या उचलीपासून चढत असतं. सरळव्याजाने धरलं तरी हप्ता सुरू होताना अंगावर 7 लाख 80 हजार असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे 10,300 रुपये. पंधरा वर्षांची घेतली तर तो 8,400च्या आसपास येतो आणि मन हलकं होतं, पण एकूण भरणा 15 लाखांवर जातो.

आता सुरुवातीचा पगार 18 हजार धरा. हप्ता गेल्यावर उरलेल्या पैशांत एम.ए. कसं करणार? आणि नोकरी न धरता थेट एम.ए.ला गेलात, बँकेने हप्ते पुढे ढकललेही, तरी त्या दोन वर्षांत आणखी 1 लाख 20 हजार व्याज चढतं. एम.ए.ची फी वेगळीच.

म्हणून माझं मत सरळ आहे: बी.ए.साठी कर्ज काढू नका. नाशिकच्या अनुदानित महाविद्यालयात पदवीची फी वर्षाला काही हजारांत भागते. कर्जाची ताकद एम.ए.साठी आणि त्यापुढच्या आरसीआयमान्य शिक्षणासाठी राखून ठेवा. ‘पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही’ हे एम.ए.च्या वेळी खरं असू शकतं. बी.ए.ला मात्र त्या वाक्याची किंमत म्हणजे तीन वर्षांची खोली आणि मेस.

अमेरिकेचे आकडे इथे लावणं

तिथल्या सरकारचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ अभ्यासक्रमानुसार पदवीधरांची मध्यक (म्हणजे चढत्या क्रमात बरोबर मधली) कमाई आणि मध्यक कर्ज दाखवतं. साधन झकास आहे. पण त्यात तिथल्या केंद्र सरकारची मदत घेतलेलेच विद्यार्थी मोजलेले असतात, आणि तिथेही मानसशास्त्राचा स्वतंत्र व्यवसाय करायला सहसा डॉक्टरेट लागते. दुसरं म्हणजे, तिथल्या सरकारी कर्जात कमाईच्या प्रमाणात हप्ता ठरवून घेण्याची सोय आहे. आपल्या बँकेला पगार 12 हजार असो की 40, हप्ता तेवढाच हवा. डॉलरला रुपयाने गुणून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा ज्या विभागात प्रवेश घेताय, तिथून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना गाठा आणि आज काय करताय, किती मिळतं, हे विचारा. संकोच वाटतो, पण लोक सांगतात.

‘मुक्तमधून करून टाकू’

मुक्त विद्यापीठ आपल्या गोवर्धनला, म्हणून नाशिककरांना हा पर्याय पटकन सुचतो. पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. कोणी आजही स्वस्त ऑनलाइन एम.ए. विकत असेल तर आधी पावती नाही, मान्यतेचं पत्र मागा.

कर्ज आधीच घेतलं असेल तर

शिकत असतानाच व्याज भरत जा. काही बँका त्यासाठी व्याजदरात सवलतही देतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदाच येतो, तेव्हा बागेचे पैसे आले की त्या वर्षाचं व्याज एकदम भरून टाकलं तरी चालतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या करसवलतीवर मात्र गणित उभं करू नका. ती जुन्याच करप्रणालीत मिळते, आणि 18 हजार पगारावर मुळात कर बसत नाही.

हप्ता झेपणार नाही असं दिसलं तर थकण्याची वाट पाहू नका. वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, त्यांचंही बिघडतं आणि पुढच्या पीककर्जाच्या वेळी ते आडवं येतं. पहिल्या हप्त्याच्या दोन-तीन महिने आधीच शाखेत लेखी अर्ज द्या, एम.ए.च्या प्रवेशाची पावती किंवा पगारपत्रक जोडा, मुदतवाढ मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेऊन या.