वर्ड अडकलं, एक्सेल चुकलं: घरच्या संगणकावर दोष कसा शोधावा

वर्डची खिडकी पांढुरकी पडली आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरं आली, की बहुतेकांचा हात थेट पॉवर बटणाकडे जातो. तो हात आधी थांबवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. त्यात वर्डच्या ओळीतले आकडे हलत असतील तर प्रोग्राम मेलेला नाही, कामात आहे. मोठी फाइल असेल तर चार-पाच मिनिटं द्या. तेवढ्या वेळात पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचा फोनने फोटो काढून ठेवा. पुढे काहीच परत मिळालं नाही, तर शेवटच्या पानावरचं लिखाण निदान त्या फोटोत असेल. हा उपाय फार साधा वाटतो, पण माझा दोन वेळा संपूर्ण परिच्छेद त्यानेच वाचला आहे.

थांबूनही काही हललं नाही, तर टास्क मॅनेजरमध्ये त्या ओळीवर क्लिक करून ‘एंड टास्क’ करा. सबंध संगणक बंद करू नका. त्याने बाकीचे उघडे प्रोग्रामही जातात.

दोष नक्की कुठे आहे?

घरी बसून दुरुस्ती करताना माणसं एक चूक हमखास करतात: कारण न शोधताच सगळं काढून पुन्हा बसवतात. दोन तास जातात आणि फाइल पुन्हा तशीच अडते, कारण दोष फाइलमध्येच होता. म्हणून आधी जागा शोधायची. दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो: फाइलमध्ये, प्रोग्राममध्ये किंवा संगणकात.

शोधायला दोन मिनिटं पुरतात. त्याच प्रोग्राममध्ये एक कोरी फाइल उघडून चार ओळी टाइप करा. ती नीट चालली तर बिघाड तुमच्या मूळ फाइलमध्ये आहे. कोरी फाइलही अडली तर दुसरा एखादा प्रोग्राम, समजा ब्राउझर, उघडून पाहा. तो ठीक असेल तर दोष ऑफिसचा, म्हणजे वर्ड-एक्सेल ज्यात येतात त्या प्रोग्रामसंचाचा. तोही रखडत असेल तर डिस्क भरली आहे का, अपडेट अर्धवट राहिलं आहे का, हे पाहा आणि संगणक एकदा ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर बऱ्याचदा आतला काही भाग झोपवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच जागा होतो. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी बिघडलेल्या फाइलची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. हा नियम मोडू नका.

सेव्ह न केलेलं परत मिळवताना

वर्ड आणि एक्सेल काम चालू असताना ठरावीक वेळाने एक तात्पुरती प्रत गुपचूप साठवतात. मूळ सेटिंगमध्ये ती दर १० मिनिटांनी घेतली जाते. प्रोग्राम अचानक बंद पडला असेल, तर तो पुन्हा उघडल्यावर डावीकडे परत मिळालेल्या फाइलींची यादी येते. त्यातली फाइल उघडली की सगळ्यात आधी ती नव्या नावाने सेव्ह करा. नुसती पाहून खिडकी बंद केली तर ती प्रत हातची जाऊ शकते.

बंद करताना तुम्हीच चुकून ‘डोन्ट सेव्ह’ दाबलं असेल तर मार्ग वेगळा आहे. ‘फाइल’ मेनूत ‘इन्फो’वर जा, तिथे ‘मॅनेज डॉक्युमेंट’ असं बटण असतं (एक्सेलमध्ये ‘मॅनेज वर्कबुक’), आणि त्यात ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’. कधीच सेव्ह न झालेल्या फाइलींच्या प्रती इथे साधारण ४ दिवसच राहतात, म्हणून शोध त्याच दिवशी घ्या. पुढच्या वेळेसाठी ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे जाऊन १० मिनिटांच्या जागी ३ किंवा ५ घाला.

‘ऑटोसेव्ह’ नावाचं खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातलं बटण ही याहून निराळी सोय आहे. फाइल वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत असेल तरच ते चालतं, आणि चालतं तेव्हा प्रत्येक बदल मूळ फाइलवरच लिहिला जातो. गेल्या महिन्याचं पत्र उघडून त्यात या महिन्याचा मजकूर भरायची सवय असेल तर जुनं पत्र पुसलं जाईल. म्हणून अशा वेळी आधी ‘सेव्ह अ कॉपी’ करा, मग बदल करा. चुकून पुसलं गेलंच तर वनड्राइव्हमध्ये त्या फाइलवर राइट क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’त जुनी आवृत्ती मिळते.

आणखी एक नेहमीचा गोंधळ ईमेलसोबत आलेल्या फाइलचा. ती मेलमधूनच उघडून त्यात तासभर काम केलं, तर ते काम एखाद्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये अडकण्याची शक्यता असते. आधी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये उतरवून घ्या आणि मगच उघडा. अशा फाइलवर पिवळी पट्टी दिसते ती बिघाडाची नव्हे. बाहेरून आलेली फाइल प्रोग्राम फक्त वाचायला देतो. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल येणार हे माहीत असेल, तरच ‘एनेबल एडिटिंग’ दाबा. मॅक्रो (फाइलमध्ये दडलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालू करा असं सांगणाऱ्या अनोळखी फाइलला मात्र कधीच होकार देऊ नका.

फाइलच उघडत नसेल तर

‘फाइल करप्ट आहे’ हा संदेश वाचून धीर सोडू नका. आतला मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. पुढचे उपाय याच क्रमाने करा.

१. वर्ड किंवा एक्सेल आधी उघडा, ‘फाइल’, ‘ओपन’, ‘ब्राउझ’ असं जा. फाइलवर एकदाच क्लिक करा. खालच्या ‘ओपन’ बटणाला जोडून एक छोटा बाण असतो, त्यात ‘ओपन अँड रिपेअर’ निवडा.

२. नाही जमलं तर तीच प्रत लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा. तो ऑफिससारखाच पण मोफत प्रोग्राम आहे, आणि वर्ड ज्या चुकीपाशी अडतो ती चूक तो कधी कधी सहज ओलांडून जातो.

३. फाइल उघडते पण सारखी अडते, असं असेल तर कंट्रोल आणि एंड दाबून शेवटी जा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि होम दाबा. याने शेवटची परिच्छेदखूण (परिच्छेद संपल्याची, एरवी न दिसणारी खूण) सोडून सगळा मजकूर निवडला जातो. तो कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा. वर्ड बरीचशी मांडणीची माहिती त्या शेवटच्या खुणेत ठेवतो, त्यामुळे तिथला बिघाड मागेच राहतो.

४. शेवटचा उपाय. वर्ड २००७ पासूनच्या डॉकएक्स फाइली म्हणजे आतून झिप फाइलीच, म्हणजे अनेक फाइलींची एकत्र बांधलेली गाठोडीच असतात. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइलींची आडनावं (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) दाखवण्याची खूण करा, प्रतीचं आडनाव बदलून झिप करा आणि उघडा. आत ‘वर्ड’ फोल्डर, त्यात ‘मीडिया’ फोल्डर, आणि त्यात तुमची सगळी चित्रं असतात. शेजारच्या ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर असतो. तो खुणांच्या गर्दीत असतो, पण वाचता येतो.

एका नातेवाइकाच्या अहवालातले सत्तरेक फोटो आम्ही याच चौथ्या वाटेने काढले होते. मूळ फोटो फोनवरून केव्हाच पुसलेले होते.

‘ही फाइल दुसरं कोणीतरी वापरत आहे’ असा संदेश येतो आणि घरात तर तुम्ही एकटेच असता. हे घडतं कारण फाइल उघडताच प्रोग्राम शेजारी एक छोटी खूणफाइल ठेवतो, जिचं नाव ~$ या चिन्हांनी सुरू होतं. प्रोग्राम मध्येच बंद पडला की ती पुसायची राहते. सगळ्या वर्डच्या खिडक्या बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये मागे एखादं वर्ड चालू राहिलं असेल तर तेही संपवा. मग ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली दाखवा आणि ती छोटी फाइल पुसा. मूळ फाइलला धक्का लागत नाही.

प्रोग्रामच आजारी असेल तर

कंट्रोल की दाबून ठेवा आणि तशीच धरून वर्डच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये सुरू करायचं का, असा प्रश्न येईल, ‘येस’ म्हणा. या पद्धतीत वर्ड जोडलेल्या उपप्रोग्रामांशिवाय उघडतं. एक्सेललाही हीच युक्ती चालते, आणि लिब्रेऑफिसमध्ये ‘हेल्प’ मेनूत सेफ मोडची सोय आहे.

सेफ मोडमध्ये सगळं सुरळीत चाललं, तर दोषी बहुधा असा जोडलेला उपप्रोग्राम, म्हणजे एखादं ‘अ‍ॅड-इन’ आहे. पीडीएफ बनवणारे किंवा भाषांतर करणारे प्रोग्राम ते न विचारता बसवून जातात. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅड-इन्स’ इथे जा, खाली ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबा आणि सगळ्या खुणा काढा. मग एकेक परत लावत जा आणि दर वेळी वर्ड बंद करून उघडा. कंटाळवाणं काम आहे, पण खरा दोषी असाच सापडतो.

अ‍ॅड-इन काढूनही वर्ड विचित्र वागत असेल, म्हणजे नव्या पानावर भलताच फॉन्ट किंवा समास येत असेल, तर ‘नॉर्मल’ नावाचा मूळ साचा बिघडलेला असू शकतो. ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ यांच्या अगदी तळाशी ‘फाइल लोकेशन्स’मध्ये ‘यूजर टेम्प्लेट्स’चा पत्ता दिसतो. वर्ड बंद करून त्या फोल्डरमधल्या ‘नॉर्मल’ साच्याचं नाव बदला. पुसू नका, नावच बदला, कारण तुमच्या ठरवलेल्या शैली त्यातच असतात. पुढच्या वेळी वर्ड स्वतः नवा साचा तयार करतं.

खिडकी लुकलुकत असेल किंवा मजकूर अर्धाच रंगत असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या ‘डिस्प्ले’ भागात हार्डवेअर ग्राफिक्स बंद करण्याची खूण शोधा. ती खूण सगळ्या आवृत्त्यांमध्ये नसते. नसेल तर डिस्प्लेचा ड्रायव्हर (पडदा चालवणारा छोटा प्रोग्राम) अपडेट करा.

यानंतर मग ‘रिपेअर’. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्स’च्या यादीत ऑफिस शोधा, ‘मॉडिफाय’ निवडा. ‘क्विक रिपेअर’ला इंटरनेट लागत नाही आणि ती काही मिनिटांत होते. तिने भागलं नाही तरच ‘ऑनलाइन रिपेअर’, कारण ती जवळजवळ सगळा प्रोग्राम पुन्हा उतरवते. तुमच्या फाइलींना दोन्हींमध्ये हात लागत नाही.

एक्सेलमधले न बिघडलेले बिघाड

एक्सेलच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी बिघाड नसतातच, असं मला वाटतं. चौकटीत ##### दिसलं म्हणजे आकडा मावत नाही. स्तंभाच्या उजव्या कडेवर डबल क्लिक करा. बाणाच्या कीने चौकट सरकण्याऐवजी सबंध पान सरकत असेल तर स्क्रोल लॉक चालू आहे. लॅपटॉपवर ती की नसेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून तिथून बंद करा.

बेरीज चुकीची येते तेव्हा आकडे नीट पाहा. ते चौकटीत डावीकडे चिकटलेले आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असेल, तर एक्सेल त्यांना अक्षरं समजतंय आणि बेरजेत धरतच नाही. तो स्तंभ निवडा, ‘डेटा’मध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’वर जा आणि लगेच ‘फिनिश’ दाबा. सूत्राच्या उत्तराऐवजी सूत्रच दिसत असेल तर चौकटीचा प्रकार ‘जनरल’ करा, मग एफ२ आणि एंटर.

आकडा बदलला तरी उत्तर जुनंच राहतं? एफ९ दाबा. उत्तर बदललं तर गणना ‘मॅन्युअल’वर आहे. ‘फॉर्म्युलाज’, ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑटोमॅटिक’ करा. ही सेटिंग त्या बैठकीत पहिल्यांदा उघडलेल्या फाइलवरून ठरते, म्हणून दुसऱ्याच कोणाची फाइल आधी उघडली की तुमची फाइल अकारण बिघडल्यासारखी दिसते.

लांब क्रमांकांची मात्र खरी काळजी घ्या. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच अचूक ठेवतं. १६ अंकी कार्ड क्रमांक तसाच टाइप केला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि तो परत मिळत नाही. टाइप करण्यापूर्वी चौकटीचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. सुरुवातीचं शून्यही याच उपायाने टिकतं.

देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. ‘निर्मला यूआय’ निवडून पाहा. इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोळा दिसला तर मजकूर युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची आजची समान पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमधला आहे, आणि तोच फॉन्ट बसवणं किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करणं एवढेच मार्ग आहेत. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूरफाइल) डबल क्लिकने उघडल्यावर मराठीची चिन्हं झाली असतील, तर कोरं एक्सेल उघडा, ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ने तीच फाइल आणा आणि फाइलचा मूळ प्रकार यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) निवडा.

छपाई, परवाना आणि मदत

छपाई रांगेतच अडली असेल तर स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ शोधा, छपाईची रांग सांभाळणाऱ्या ‘प्रिंट स्पूलर’वर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ करा. कागद दरवेळी भलत्याच प्रिंटरकडे जात असेल, तर विंडोजला मुख्य प्रिंटर ठरवू देणारी सेटिंग बंद करून तो स्वतः निवडा.

फाइल वाचता येते पण बदलता येत नाही आणि वर परवान्याची सूचना आहे, असं दिसलं तर आधी संगणकाची तारीख-वेळ तपासा, मग ‘फाइल’, ‘अकाउंट’मध्ये कोणत्या खात्याने आत आहात ते पाहा. खरेदी एका खात्यावर आणि प्रवेश दुसऱ्याने, हे फार होतं. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ते प्रोग्राम चालतात, पण अनोळखी फाइली त्यांत उघडू नका.

कोणाला विचारायची वेळ आली तर संदेशाचा शब्दन् शब्द लिहून घ्या, ‘अकाउंट’मधला आवृत्ती क्रमांक टिपा, आणि वरच्यापैकी काय काय करून पाहिलं ते सांगा. पडद्यावर एकाएकी उगवलेल्या इशाऱ्यातल्या फोन नंबरवर मात्र फोन करू नका आणि संगणकाचा ताबा कोणाला देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो.