व्हिटबीत गाइड व्हायचंय? आधी भरतीचं कोष्टक हातात घ्या

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीत पायी टूर काढायची असेल, तर दर्यावर्दी कॅप्टन कुकचं चरित्र नंतर वाचा. आधी भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला शिका. मिडल्सब्रो, न्यूकॅसल, लीड्सकडे राहणारी बरीच मराठी मंडळी हल्ली विचारतात, शनिवार-रविवारी गाइडिंग करता येईल का म्हणून. येईल. ज्याची धास्ती वाटते ते इंग्रजी उच्चाराचं प्रकरण चार टूरांत निवतं. जिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, ती गोष्ट नडते.

कागदपत्रांचं एका दमात सांगून टाकते. इंग्लंडमध्ये रस्त्यावर टूर घ्यायला सरकारी परवाना लागत नाही. ब्लू बॅज, ग्रीन बॅज या गाइडच्या पात्रता आहेत, मिळवल्या तर चांगलंच, पण त्यावाचून अडत नाही. स्टुडंट व्हिसावर असाल तर मात्र थांबा. त्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करायला मनाई आहे आणि गाइडचं काम बहुतेक वेळा स्वतःच्या व्यवसायातच मोडतं. ‘आम्ही काय, नुसत्या टिपाच घेणार’ ही पळवाट नाही. मी डिपेंडंट म्हणून आले, त्यामुळे मला तो प्रश्न आला नाही. पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे टूरमध्ये कुणाला इजा झाली तर भरपाईचा, विमा पहिल्या टूरच्या आधी काढा. १९९ दगडी पायऱ्यांचं गाव आहे, पाऊस बारमाही आहे, पुढचं तुम्हीच समजा.

आता पूल. एस्क नदीने गाव मधोमध कापलंय. पूर्वेला जुनी वस्ती, चर्च स्ट्रीट, त्या पायऱ्या, वर सेंट मेरी चर्च आणि ॲबीचे, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे, अवशेष. पश्चिमेला हॉटेलं, कुकचा १९१२ सालचा पुतळा, देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान. चालत जाणाऱ्याच्या सोयीचा पूल एकच, आणि तो बोटींना वाट द्यायला बाजूला फिरून उघडतो. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास ही त्याची वेळ. त्या चार तासांत बोटीने मागितलं की दर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला तो उघडू शकतो.

इथवर सगळ्यांना कळतं. खोच पुढेच आहे. ब्रिटनमधली बरीच छापील कोष्टकं वर्षभर जीएमटीत, म्हणजे ग्रिनिचच्या प्रमाणवेळेत, असतात आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर गावातली घड्याळं एक तास पुढे असतात. म्हणजे टूरचा जवळजवळ अख्खा हंगाम कोष्टक एक सांगतं नि मनगटावरचं घड्याळ दुसरंच. समजा कोष्टकात भरती १:१० ला आहे. तुम्ही हिशोब करता: ११:१० ते ३:१० पूल बेभरवशाचा, मग साडेतीनला निवांत परत येऊ. खरी भरती असते २:१० ला. खरी वेळ १२:१० ते ४:१०. तुमचे साडेतीन बरोबर तिच्या पोटात.

गाइडच्या कोर्समधल्या माझ्या मूल्यमापनाच्या टूरला अगदी हेच झालं. घंटा वाजली, फाटक लागलं, आणि निम्मा ग्रुप परीक्षकांसकट पलीकडे. मी अलीकडे चार माणसांसमोर उभी. ओरडून काही सांगावं तर मध्ये बोटीचं इंजिन. कोर्समध्ये कुणी एका शब्दाने ही जीएमटीची भानगड बोललं नव्हतं. ‘स्थानिकांना माहीत असतंच’ असं नंतर उत्तर मिळालं. आम्ही स्थानिक नाही, म्हणून तर फी भरली होती!

तेव्हा कोष्टक उघडल्यावर आधी वरची बारीक ओळ वाचा: वेळ जीएमटीत आहे की उन्हाळ्याचा तास आधीच मिळवलाय? मोबाइलवरची बहुतेक ॲप तो मिळवूनच दाखवतात. त्यात आणखी एक तास घातलात तर उलटे फसाल. टूरच्या दिवसांच्या वेळा स्वतःच्या हाताने वहीत उतरवा, शेजारी पुलाचे चार तास लिहा. आणि काहीही असो, पूल सव्वाला किंवा पावणेला ओलांडा, ठोक्याला कधीच नाही. शेवटचा माणूस पोचेपर्यंत पहिलं पाऊल टाकू नका. पुलावर उभं राहून गोष्ट सांगू नका. कोकणातले असाल तर तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा हिशोब तोंडपाठ असेल. तो आपल्या किनाऱ्याचा, इथे त्याने घड्याळातली वेळ मिळणार नाही. पण उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊणएक तास उशिरा, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून या शनिवारी झकास जमलेली अकराची टूर पुढच्या शनिवारी तशीच जमेल, असं धरून चालू नका.

घाबरू नका, हे एकदा अंगवळणी पडलं की तेच कोष्टक तुमच्या बाजूने काम करतं. ओहोटीला आतल्या बंदरात होड्या चिखलात टेकलेल्या दिसतात. तिथे थांबा आणि कुकची गोष्ट तिथेच काढा. १७४६ मध्ये तो ग्रेप लेनवरच्या जॉन वॉकर या क्वेकर पंथाच्या जहाजमालकाकडे उमेदवारीला आला आणि कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर शिकला. त्याचं ‘एंडेव्हर’ मुळात १७६४ साली इथेच बांधलेलं असंच कोळशाचं जहाज. बूड सपाट, वाळूवर किंवा चिखलात बसलं तरी कलंडायचं नाही. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळाच्या खडकावर आदळल्यावर ते नदीच्या मुखाशी किनाऱ्याला टेकवून दुरुस्त करता आलं ते त्यामुळेच. चिखलात बसलेली होडी समोर असली की हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. भरतीला हेच सांगायला दहा लागतात, आणि तरी लोक सीगलकडे बघत असतात.

सीगलवरून आठवलं. वाऱ्याकडे स्वतःची पाठ करा, ऊन डोळ्यांवर आलं तर ते तुमच्या येऊ द्या, त्यांच्या नको. पायऱ्या चढताना अक्षर बोलू नका. मधेमधे शवपेटी टेकवायला केलेल्या रुंद जागा आहेत, तिथे श्वास घेऊ द्या आणि त्या जागा कशासाठी आहेत तेवढंच सांगा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. दुसऱ्या गाइडचा व्हिडिओ पाहून पाठ केलेली टूर लोकांना पहिल्या प्रश्नालाच कळते. ड्रॅक्युलाचंच घ्या. त्या कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात इथे राहिला; १८८५ मध्ये टेट हिलच्या वाळूवर येऊन लागलेलं ‘दिमित्री’ हे रशियन जहाज त्याने कादंबरीत वेगळ्या नावाने घातलं. एवढं खरं. पण चर्चच्या आवारात ‘ड्रॅक्युलाची कबर कुठली’ म्हणून विचारणारे भेटतात, आणि मोह होतो एखाद्या झिजलेल्या दगडाकडे बोट दाखवायचा. दाखवणारे आहेतही. तुम्ही नका दाखवू.

गुरू निवडतानाही तेच बघा. स्वतःची टूर ऐकवणारे पुष्कळ भेटतील. जो तुम्हाला ग्रुपच्या शेपटीला चालायला सांगतो आणि नंतर ‘मागे काय ऐकू आलं?’ विचारतो, त्याचा पदर सोडू नका. मला उशिरा का होईना, असा एक निवृत्त खलाशी भेटला. तो फार बोलायचा नाही. ‘रोहिला’ची गोष्ट मात्र त्यानेच मला ॲबीच्या पुढे कड्यावर नेऊन, खाली सॉल्टविक नॅबचा खडक दाखवत सांगितली. ३० ऑक्टोबर १९१४ ची पहाट, युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे बंद, आणि डंकर्ककडे निघालेलं हे रुग्णालय-जहाज त्या खडकावर चढलं. किनारा डोळ्यांसमोर, तरी २२९ जणांपैकी ऐंशीहून अधिक माणसं गेली. वल्ह्यांच्या बोटींनी सुरुवातीला काही जणांना आणलं, मग समुद्रापुढे त्यांचं काही चालेना. शेवटच्या ५० जणांना १ नोव्हेंबरला टाइनमथहून आलेल्या ‘हेन्री व्हर्नन’ या मोटरच्या जीवरक्षक बोटीने काढलं. जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, म्हणून नाव असं हिंदुस्थानी. मराठी पाहुणे असले की कुणीतरी नजीबखान काढतोच. हसा आणि पुढे चला, पानिपतात शिरलात तर ॲबी बंद होईल.

ॲबी ६५७ ची, पहिली प्रमुख हिल्ड ही बाई, स्त्री-पुरुष दोघांच्या मठावर तिची सत्ता. ६६४ मध्ये ईस्टर कधी पाळायचा हा वाद इथे मिटला. ही सनावळी कोरडी वाटते, तिथे मी अमोनाइट बाहेर काढते. हिल्डने साप दगड केले अशी दंतकथा आहे आणि इथल्या किनाऱ्यावर ते वेटोळे जीवाश्म सापडतात. पूर्वी विक्रेते त्यांना सापाचं तोंडही कोरून द्यायचे. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटचा जीवाश्म. हे सांगताना माझा उच्चार कसा आहे याकडे कुणाचं लक्ष नसतं. यॉर्कशायरचे आजोबा दगड हातात घेऊन उलटसुलट बघत बसतात आणि घरातल्या पूजेबद्दल विचारतात. तुमच्याकडे असं काहीतरी असणारच, ते शोधा.

राहिली टूर संपवायची जागा. नवखे जिथून निघाले तिथेच परत येतात, बुकिंगच्या पानावरही तसं छापतात. मी आता दोन शेवट ठेवलेत: वहीतल्या वेळा अनुकूल असल्या तर पश्चिमेला कमानीखाली, नसल्या तर वर ॲबीच्या दाराशी. कुठला शेवट असेल ते आदल्या संध्याकाळी ग्रुपला मेसेज करून कळवते. ज्यांना मिडल्सब्रोची गाडी गाठायची आहे त्यांना हेही लिहिते, की स्टेशन पश्चिमेला आहे, गाड्या दिवसात मोजक्याच आहेत, तेव्हा पूल ओलांडायला हाताशी अर्धा तास जास्त ठेवा.