वॉर्डातला कॉल वर पोचेपर्यंत विरतो? या चुका टाळा

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एका पेशंटमागे स्टाफ नर्स, इनचार्ज सिस्टर, इंटर्न, तिन्ही वर्षांचे रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर), लेक्चरर आणि युनिट हेड अशी उतरंड असते. पेशंट खालावतो तो बहुधा रात्री, आणि तेव्हा खबर सगळ्यात खालच्या पायरीवरून निघते. ती मध्येच अडकते त्यामागे वॉर्ड चालवणाऱ्यांच्या काही ठरावीक चुका असतात.

श्वास न मोजता लिहिणे

टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता) उघडा. श्वासाच्या रकान्यात तीस पेशंटना ओळीने २० लिहिलेले दिसले तर कुणीच मोजलेले नाही, असे खुशाल समजा. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र दाखवते, श्वास मात्र घड्याळ लावून मोजावा लागतो, म्हणून तोच गळतो. खालावणाऱ्या पेशंटमध्ये अनेकदा आधी बदलतो तोही हाच. पूर्ण एक मिनिट मोजायचा, तेही पेशंटला न सांगता. सांगितले की श्वासाची लय बदलते. इनचार्ज सिस्टरनी प्रत्येक पाळीत कोणतेही दोन पेशंट स्वतः मोजून चार्टशी ताडून पाहावेत. सर्क्युलर काढण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

"पेशंट बरा वाटत नाही" एवढाच कॉल

अर्धवट झोपेतला रेसिडेंट यावर "बघतो" म्हणतो आणि कूस बदलतो. कॉलमध्ये चार गोष्टी हव्यात: आता काय झाले, आधीचे काय, तुम्हाला काय वाटते आणि काय हवे.

"सर, मेडिसिन वॉर्डातून बोलतेय. बेड १४, श्वास २० वरून २८ झालाय, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९०, बीपी ९६ वर ६०, पल्स ११८. न्यूमोनिया, काल दाखल. सेप्सिस वाटतंय. दहा मिनिटांत येऊन बघा, तोवर ऑक्सिजन सुरू करते."

सॅच्युरेशन म्हणजे रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण आणि सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागणे. पेशंट किती खालावला ते गुणांनी मोजणाऱ्या ब्रिटनमधल्या न्यूज-टू तक्त्यात (२०१७) नुसत्या या चार आकड्यांचे ३, ३, २, २ मिळून १० गुण होतात. ५ गुणांना तातडीने तपासणी आणि ७ पासून आणीबाणी. गरोदर स्त्रिया आणि १६ वर्षांखालील मुलांना हा तक्ता लावू नका. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचणाऱ्या सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटसाठी त्यात सॅच्युरेशनची मोजपट्टी वेगळी आहे.

पायरी ओलांडायची परवानगी तोंडीच ठेवणे

"काही झालं तर मला थेट फोन करा" असे सगळेच साहेब म्हणतात, पण करतो कोण? ही परवानगी युनिट हेडच्या सहीने भिंतीवर लागली पाहिजे. उदाहरणार्थ, ५-६ गुण असतील तर पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. १५ मिनिटांत आला नाही तर सीनियर रेसिडेंट. ७ किंवा जास्त असतील तर दोघांनाही एकदम, आणि १० मिनिटांत कुणी आले नाही तर लेक्चरर. मिनिटे आपल्या मनुष्यबळाप्रमाणे ठरवा. नंबर माणसाचा न देता ड्युटी मोबाईलचा द्या. रेसिडेंटची ड्युटी बदलते आणि भिंतीवर जुना नंबर तसाच राहतो. कॉलची वेळ आणि उचलणाऱ्याचे नाव केस पेपरवर लिहा.

हे सगळे मोडते ते सकाळच्या राउंडला. थेट फोन करणाऱ्या सिस्टरला "एवढ्यासाठी उठवलंत?" असे सगळ्यांसमोर ऐकवले की तो कागद त्या दिवशीच मेला. कॉल फुकट गेला तरी युनिट हेडनी सगळ्यांसमोरच "बरं केलंत" म्हणायला हवे.

फोनवरची ऑर्डर परत न वाचणे

ऐका, लिहा, वाचून दाखवा, "बरोबर" ऐका आणि मगच द्या. पंधरा असेल तर "एक-पाच" म्हणा. इन्सुलिनच्या व्हायल (बाटल्या) आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदीच्या मिळतात. ४० ची सिरिंज १०० च्या व्हायलला लावली तर डोस अडीचपट जातो. पोटॅशियम क्लोराइडची ऑर्डर मात्र फोनवर घेऊच नये.

ओव्हर (पाळी बदलताना पेशंट सोपवणे) बेड १ पासून सुरू करणे

सगळ्यात गंभीर पेशंटपासून सुरू करा, तेही खाटेजवळ उभे राहून. ड्रिप, कॅथेटर, ऑक्सिजन जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिस्टर दोघींनी मिळून पाहायचे. आणि वॉर्डातल्या मावशींना (आयांना) विचारा. "काल नीट बोलत होते, आज मलाच ओळखेनात" हे रात्री बेडपॅन द्यायला गेलेल्या मावशींना माहीत असते आणि कागदावर कुठेच नसते. न्यूज-टूमध्ये नव्याने आलेल्या गोंधळाचे एकट्याचे ३ गुण आहेत.