जुन्या छापचित्रातला डॉक्टर-वकील वाचायचा कसा? चेहरा शेवटी बघा

आपल्या लातूरच्या चौकात एखाद्या डॉक्टरसाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की आपण आधी डिग्र्या वाचतो, मग पद, मग खाली शुभेच्छुक कोण कोण हाय ते, फोटो काय सगळ्यांचाच गोरा केलेला असतोय. १७ व्या शतकात युरोपात विद्वान लोकांची तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली पोर्ट्रेटं पण अशीच वाचायची, खालून वर.

नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम ह्या संग्रहालयाच्या साईटवर फुकट बघायला मिळतात, मोबाईलवर झूम करा अन् आधी खालची लॅटिन ओळ धरा. नावापुढं ‘मेड. डॉक्ट.’ असलं तर वैद्य, ‘आय. यू. डी.’ असलं तर दोन्ही कायद्यांचा डॉक्टर, म्हणजे रोमन पण अन् चर्चचा पण, आणि ‘एटाटिस’च्या जोडीला आकडा दिसला की ते वय. कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात ती सोडू नका: पिंक्सिट म्हणजे रंगवलं कुणी, स्कल्प्सिट म्हणजे कोरलं कुणी, एक्सकुडिट म्हणजे छापून विकलं कुणी. कोरणाराला पण स्वतःचा मान पाहिजेच होता की, फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६६० ला हुकूम काढून ही कला कारागिरांच्या संघाच्या बंधनातून मोकळी केली.

मग चौकट. घराण्याची ढाल, मागं पडदा, खांब, हे सगळं खानदान दाखवायला. पुस्तकात बोट घालून बसलाय म्हणजे ‘वाचायलो होतो, तुम्ही मधीच आलात’. काळा झगा अन् पांढरी कॉलर तर आपल्या कोर्टातल्या वकिलांच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडची आठवण करून देते. फक्त उजवा-डावा हात बघून अंदाज बांधू नका, छापताना चित्र उलटं होतंय.

चेहरा शेवटी का, तर त्याचा भरवसा नाही. पिएर लोंबार्टनं कोरलेल्या एका घोडेस्वाराच्या प्लेटवरचं मुंडकंच बदलत गेलं, कधी इंग्लंडचा राजा चार्ल्स तर कधी त्याचा वैरी क्रॉमवेल, घोडा तोच!

एवढा हात बसला की डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४७ चं डॉक्टर एफ्राइम बुएनोचं छापचित्र उघडा. ढाल नाही, पुस्तक नाही, माणूस जिन्यापाशी थांबलाय, हात कठड्यावर, पेशंटकडं निघालाय का तिकडून आलाय काही कळत नाही. बोटात अंगठी हाय. सुरुवातीच्या अगदी मोजक्या छापांत ती काळी हाय, नंतर उजळ केली, अन् संग्राहक त्या काळ्या अंगठीसाठीच जीव टाकतात.