कुकीज पसरतात, चॉकलेट पांढरं पडतं? या चुका टाळा

मी पहिल्यांदा बटर कुकीज केल्या त्या ऐन मे महिन्यात. ट्रेवर बारा चकत्या नीट मांडल्या होत्या, बाहेर आलं ते एकच भलंमोठं थालीपीठ. शिव्या ओव्हनला घातल्या, पण चूक त्याच्या आधीच झाली होती.

बटर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतं, आणि उन्हाळ्यात आपलं स्वयंपाकघर तेवढंच तापलेलं असतं. 'बटर बाहेर काढून ठेवा' असं पाककृतीत वाचून आपण दोन तास ठेवतो आणि त्याचं तेल होतं. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बटर चकाकू नये, इतपतच मऊ हवं. चकाकायला लागलं तर भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पातळ बटर कितीही फेटलं तरी त्यात हवा धरत नाही. घरचं लोणी चकलीच्या पिठात घाला, इथे नको. त्यात पाणी किती राहिलंय याचा अंदाज येत नाही. अमूलचं नेहमीचं बटर चालतं, मात्र ते खारट असतं, तेव्हा वरून मीठ घालू नका.

प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा. वाटीने मोजू नका. वाटी दाबून भरली की मैदा जास्त जातो आणि कुकी कोरडी होते. मैदा घातल्यावर कणकेसारखं मळायचं नाही, नाहीतर खुसखुशीतपणा जाऊन कुकी चिवट होते. गोळा नुसता एकत्र आला की थांबा. चकत्या करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजा. कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढा. मध्यभाग मऊ लागतो म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवायचा मोह होतो; तो आवरा. कुकी गार होताना कडक होते.

कुकीजवर चढवायच्या चॉकलेटचे नखरे मात्र वेगळेच. वितळवताना पाण्याचा एक थेंब पडला, ओला चमचा लागला किंवा खालच्या पातेल्यातली वाफ आत गेली, की चॉकलेट आवळून त्याचा रवाळ गोळा होतो. त्यातली साखर आणि कोको त्या ओलाव्याने एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे उपायही ओलावाच आहे: चमचा-चमचा गरम दूध घालत ढवळलं की पुन्हा गुळगुळीत होतं. पण मग तो सॉस झाला. आइस्क्रीमवर घाला, कोटिंगला तो घट्ट बसणार नाही.

कोटिंग मऊ राहतं किंवा त्यावर पांढरट रेघा उठतात, ते टेंपरिंग, म्हणजे चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानापर्यंत गार करणं, न केल्यामुळे. कोको बटर असलेलं खरं डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा. एक तृतीयांश तुकडे आधीच बाजूला काढलेले असू द्या. ते आता घालून ढवळत ढवळत ३१-३२ अंशांवर आणा आणि लगेच कुकीज बुडवा. थर्मामीटर नसेल तर सरळ कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते, नुसतं वितळवलं की काम झालं. चवीला ते डावं आहे, हे मी मान्य करते, पण मुलांच्या वाढदिवसाला मीही तेच वापरते.

कुकी कोमट असताना बुडवू नका. लवकर गार व्हावी म्हणून फ्रिजमध्येही ठेवू नका. बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं. पावसाळ्यात सादळलेल्या कुकीज आधी १५० अंशांवर पाच मिनिटं परत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी पांढरे चट्टे दिसलेच, तर घाबरू नका, ती बुरशी नाही. वर आलेली चरबी किंवा साखर आहे. आमच्याकडे तसल्या कुकीज गरम दुधात बुडवून पहिल्या संपतात.