धोंडी काढा, पण चाड्यावर मूठ धरायची घाई करू नका

मृग कोरडा गेला, आर्द्रा नक्षत्रही सरत आलं, आभाळ दाटतं आणि विरतं. अशा दिवसांत मराठवाड्यातल्या गावांत धोंडी, म्हणजे पाऊस मागायची दारोदार फेरी, निघते. ती जरूर काढा, सगळं गाव त्या निमित्ताने एका दारातून दुसऱ्या दारात जातं. मात्र त्यानंतर पहिली सर आली की लगेच तिफण जुंपून चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे पेरायला लागायचं, हे करू नका. दुबार पेरणी बहुतेक इथूनच ओढवते.

धोंडी होणाऱ्या पोराच्या कमरेला आणि डोक्याला कडुनिंबाचे डहाळे बांधतात. सुतळी उघड्या अंगाला काचते, म्हणून आत बनियन असू द्या. ऊन चढायच्या आत फेरी आटपा. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारी गेलं की घरची बाई पोरावर पाणी ओतते आणि सुपातून ज्वारी, पीठ, डाळ वाढते. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात घरटी एक तांब्या पुरे. काही ठिकाणी मुसळाला बेडूक बांधतात. कातडी सुकली की बेडूक मरतो. त्याला ओल्या फडक्यासह मडक्यात ठेवा आणि फेरी संपताच ओलीच्या जागी सोडा. जमलेला शिधा मारुतीच्या पारावर शिजवून नैवेद्य दाखवतात. महादेवाची पिंड पाण्यात बुडवायची रीत असेल, तर ते पाणी नंतर देवळाभोवतीच्या झाडांना घाला.

पावसाची वाट पाहण्याचे हे दिवस बियाणं तपासायचे आहेत. घरच्या सोयाबीनचे 100 दाणे न निवडता, हाताला येतील तसे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि गोणपाट ओलं राहू द्या. चार-पाच दिवसांनी सरळ, धडधाकट मोड मोजा. 70 उगवले तर एकरी 30 किलो बी लागतं. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा. 60 च्या खाली आलं तर ते बी पेरूच नका. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं. पोती आपटली किंवा थप्पी उंच रचली की उगवण घटते.

पाऊस डोळ्यांनी मोजू नका, शेतातच मोजा. सपाट बुडाचा, सरळ उभ्या भिंतींचा डबा झाडापासून आणि छपरापासून लांब, मोकळ्यावर ठेवा. बाटलीचं बूड फुगीर असतं, माप चुकतं. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी.

एकूण 75 ते 100 मिलिमीटर झाल्यावरच पेरा. तरीही शेतात चार ठिकाणी खुरप्याने वीतभर उकरून बघा. तळाची माती मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे. वरच्या तीन-चार बोटांतच ओल असेल तर बी फुगतं, मोड फुटतो, ऊन पडलं की वरचा थर सुकतो आणि मुळाला खाली ओल न मिळाल्याने मोड करपतो. शेजारच्याची तिफण चालू झाली तरी थांबा. बी, खत, मजुरी दुसऱ्यांदा उसनवारीने उभी करण्यापेक्षा आठवडाभर थांबणं परवडतं.

पेरणीआधी किलोमागे 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत प्रत्येकी 250 ग्रॅम, 10 किलो बियाण्याला, अगदी शेवटी लावून सावलीत सुकवा. उलट क्रमाने केलं तर औषधाने जिवाणू मरतात. बी तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

पाऊस लांबला तर पीक बदला. जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडदाचा नाद सोडा, 15 जुलैनंतर निव्वळ सोयाबीनचाही. मग तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी यांतलं जमिनीच्या खोलीप्रमाणे घ्या. हलक्या रानाला बाजरी, भारी रानाला तूर.

पेरलं आणि पावसात खंड पडला, तर भेगा पडायच्या आत कोळपणी (ओळींमधली उथळ मशागत) करा, म्हणजे वरची माती भुसभुशीत होऊन खालची ओल टिकते. पानं दुपारी माना टाकून संध्याकाळी सावरत असतील, तर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट खत) घालून सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. संध्याकाळीही ती सावरेनाशी झाली, तर विहिरीत असेल तेवढं पाणी तुषार सिंचनाने आधी फुलोऱ्यातल्या पिकाला द्या.