शेताच्या नंबरावरून घराण्याच्या मुळाकडे

विदर्भात पणजोबांचा शोध घ्यायला निघालेले अनेक जण तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये फक्त आडनाव सांगतात आणि रिकाम्या हाताने परततात. तेथील जुने महसुली कागद मौजावार, म्हणजे महसुली गावाप्रमाणे, लावलेले असतात; शिवाय जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसून ‘गणपत वल्द सखाराम’ (सखारामचा मुलगा गणपत) एवढाच उल्लेख असतो. म्हणून मौजा आणि शेताचा जुना नंबर आधी निश्चित करावा. घरातील पेटीत जपलेल्या सारा-पावत्या आणि नकला पाहाव्यात. भाऊबंदांची नावे मात्र म्हाताऱ्या आत्याला विचारावीत, कारण तिला ती कागदांपेक्षा अधिक पाठ असतात.

आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, उलट क्रमाने काढत जावे. प्रत्येक वारस-फेरफारात मयत खातेदार आणि त्याचे वारस यांची नावे असल्यामुळे एकेक पिढी मागे सरकता येते. अशा रीतीने १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत पोहोचल्यावर पुढची वाट मुलखाप्रमाणे बदलते. वऱ्हाडात रयतवारी (शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरण्याची पद्धत) असल्याने शेतकऱ्याचे नाव थेट खातेदार म्हणून सापडण्याची शक्यता असते. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचा चंद्रपूर) या भागांत मात्र १९५१ मध्ये संपुष्टात येईपर्यंत मालगुजारी (गावाची मालकी सारा भरणाऱ्या मालगुजाराकडे असण्याची पद्धत) होती, त्यामुळे पूर्वज कूळ असल्यास मालकांच्या यादीत वेळ न दवडता खसरा (शेतवार नोंदवही) आणि जमाबंदी (कुळे व त्यांच्या देण्याची यादी) पाहावी. जिल्ह्यांची फाळणीही ध्यानात ठेवावी. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. तेथील जुना कागद मूळ जिल्ह्याच्या नावाखाली असू शकतो.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांच्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गावातील जन्ममृत्यूची नोंदवही, हा मोठा आधार आहे. जातीच्या दाखल्यासाठी लोक याच वहीची नक्कल काढतात आणि काम होताच फाइलमध्ये ठेवून देतात, हे मला खटकते, कारण वंशावळीचा उत्तम धागा तीत असतो. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. ती नोंद आपल्याच माणसाची आहे हे ठरवण्यासाठी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील (मुले शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीतील) जन्मतारीख पडताळावी. शाळेत तारीख पुष्कळदा अंदाजाने लिहीत असल्याने मागचीपुढची दोनतीन वर्षे चाळावीत.

नकलेच्या अर्जात मौजा, तालुका, कागदाचा प्रकार आणि वर्ष स्पष्ट लिहावे. ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असे तोंडी उत्तर मिळाल्यास ते माहिती अधिकाराचा अर्ज करून लेखी मागावे; त्या अर्जाला १० रुपये शुल्क लागते. कागद मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. नक्कल मात्र आपल्या एका ओळीची न घेता शक्यतो पूर्ण पानाची घ्यावी, कारण चुलत घराण्यांची नावे बहुधा शेजारच्याच ओळींत असतात.